मिठाचा पहिला नंबर

हिराने नावाच्या गावच्या चौतिसाव्या वाडीवार रिले शर्यतीत मिठाचा पहिला नंबर आला.

आता हे असं काही झालेलंच नाही. गावच्या मासिक वार्तापत्रात निकालाचा तक्ता आहे, त्यात अठरा वाड्यांची नावं आहेत आणि मिठाचं नाव कुठेही नाही. जे वार्तापत्रात नाही ते हिरानेत घडत नाही. तेव्हा आपणही तो विषय सोडून देऊ आणि नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सकाळी इसागो यासुहेई आरशासमोर उभे होते, तिथून सुरुवात करू.

इसागो एकाहत्तर वर्षांचे, कुरिनोसे वाडीचे प्रमुख. वाडीत माणसं एकेचाळीस. त्यातली देवळाच्या पायऱ्या न थांबता चढणारी सव्वीस आणि पळू शकणारी पाच. शर्यतीचे टप्पेही पाचच, त्यामुळे संघ निवडताना फारशी भांडणं झाली नव्हती.

इसागो स्वतः पळणार नव्हते. त्यांनी काळा सूट घातला होता, हातात पांढरे मोजे, आणि खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपा एक निळा पट्टा. पट्ट्यावर लिहिलं होतं: ‘मीठ दिवसाला सहा ग्रॅम’. नगर कार्यालयाने त्यांना एक दिवसाचे आरोग्य केंद्रप्रमुख नेमलं होतं. गावभर लघवीची तपासणी झाली, तेव्हा इसागोंच्या पोटात दिवसाला साडेतेरा ग्रॅम मीठ जातं असं निघालं. साऱ्या हिरानेत हा आकडा सर्वांत मोठा. ‘सुधारणेला सर्वाधिक वाव’ असा शेरा मारून कार्यालयाने त्यांचा सन्मान केला होता.

“अहो, सरळ उभे राहा,” त्यांची बायको फुसाए म्हणाली. “नुसतं ‘सहा ग्रॅम’ दिसतंय. मीठ बगलेत गेलंय.”

“तीन वाजेपर्यंतच आहे. तीननंतर मी परत साधा माणूस.”

“मग तीनपर्यंत लोणच्याला हात लावायचा नाही.”

“एकच पान दे गं. पाल्याच्या लोणच्याचं.”

“केंद्रप्रमुखांना विचारून सांगते,” असं म्हणून फुसाएने बरणीचं झाकण लावलं.

इसागोंनी हे पद घेतलं त्याला कारण होतं, आणि ते मीठ नव्हतं. मिठाच्या प्रचाराचं टेबल शर्यतीतल्या चौथ्या बदलाच्या ठिकाणी, अगदी रेषेला लागून मांडणार होते. तिथून इसागोंना आपल्या वाडीचा पट्टा डोळ्यांनी बघता येणार होता.

ह्या शर्यतीत काठी नसते, पट्टा असतो. त्यावर वाडीचं नाव. पहिल्याने तो अंगावर घालून निघायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि असं करत पाचव्याने तो शेवटच्या रेषेपलीकडे न्यायचा. फार मागे पडलेल्यांची वाट कुणी बघत नाही. साडेअकराला पिस्तूल वाजतं आणि जे पाचवे धावपटू अजून ताटकळत असतील त्यांना कोरे पांढरे पट्टे घालून सोडून देतात. पांढरा पट्टा म्हणजे साखळी तुटली. गेल्या वर्षी कुरिनोसेला पांढरा मिळाला होता. लागोपाठ दोन वर्षं साखळी तुटली की वाडीचा संघ शेजारच्या वाडीत विलीन, असा नियम.

शेजारची वाडी तोमिगाया. तिचे प्रमुख ओदागिरी हे फार मनमिळाऊ गृहस्थ. त्यांनी पुढच्या वर्षीचा एकत्र पट्टा आधीच शिवून घेतला होता, आणि महिन्यापूर्वी तो खोक्यात घालून, वर रेशमी दोरी बांधून इसागोंना दाखवायला आणला होता. त्यावर लिहिलं होतं: ‘तोमिगाया (कुरिनोसे)’.

“कंस कशाला?” इसागोंनी विचारलं होतं.

“जागा उरली होती, इसागोसान. म्हटलं, वाया कशाला घालवायची?”

कुरिनोसेची शाळा बंद होऊन अकरा वर्षं झाली. ‘कुरिनोसे’ नावाचा बसथांबा होता, त्याचं नाव ‘तिसरा पूल’ झालं. टपालपेटी एका मंगळवारी दोन माणसं येऊन घेऊन गेली. कुरिनोसे हे नाव आता लिहिलेलं उरलं होतं ते त्या एका पट्ट्यावर. इसागो हे कुणाजवळ बोलले नव्हते, पण त्यांनी मनाशी ठरवलं होतं: मरण कधी यायचं ते येऊ दे, पण कंसात नको.

*

अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी चौथ्या बदलाच्या ठिकाणाहून पंधरा वाड्या पुढे गेल्या होत्या. रेषेवर तिघं उरली होती. त्यातली एक कुरिनोसेची हारुना, लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी वाडीत आलेली, दातांच्या दवाखान्यात कामाला. शेजारी मुख्य पंच कात्सुमाता सेन्सेई पिस्तूल घेऊन घड्याळाकडे बघत होते. ते निवृत्त गणित शिक्षक. चौतीस वर्षं नियमांचं पुस्तक त्यांच्याकडेच होतं, कारण ते लिहिलंही त्यांनीच होतं.

इसागो टेबलामागे उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला कमी मिठाचं मिसो सूप देत होते. लोक एक घोट घेत आणि आभार मानून कप खाली ठेवत.

“केंद्रप्रमुख, जरा हसून द्या,” बाजूला उभी असलेली मिझुसावा म्हणाली. ती नगर कार्यालयाची आरोग्यसेविका. कालपर्यंत ती त्यांना इसागोसान म्हणायची. आज तीन वाजेपर्यंत ते केंद्रप्रमुख होते आणि ती ह्यात एक मिनिटाचीही गफलत करणारी नव्हती. “तुम्ही असं देताय, जसं काही औषध आहे.”

“चवही तशीच आहे,” इसागो म्हणाले, आणि तेवढ्यात वळणावर त्सुकादा दिसला.

त्सुकादा हा कुरिनोसेचा चौथा धावपटू. बावन्न वर्षांचा, धंदा सोबा नूडल्सचा. त्याच्या मुठीत पट्टा होता आणि चष्म्यावर वाफ धरली होती. त्या वाफेतून त्याला काळ्या कपड्यांवरचा एक तिरपा निळा पट्टा दिसला, ओळखीचा चेहरा दिसला आणि पुढे केलेले दोन हात दिसले. त्या हातांत सूप होतं, हे त्याला दिसलं नाही. त्याने वाडीचा पट्टा त्या हातांत कोंबला, कमरेतून वाकून नमस्कार केला आणि वाकलेला तो सरळ झालाच नाही. तसाच आडवा झाला. सूप त्याच्या पाठीवर सांडलं.

“एक मिनिट राहिलं!” सेन्सेई ओरडले.

हिरानेत कुणी दोन हातांनी काही दिलं तर दोन हातांनी घ्यायचं आणि वाकायचं. इसागो वाकले. उठले तेव्हा त्यांच्या हातात वाडीचा पट्टा होता. वाडीचा पट्टा फडक्यासारखा मुठीत धरून पंचांसमोरून जाणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी तो रीतसर खांद्यावर घातला, दहा पावलं धावत हारुनापाशी गेले, रीतसर खांद्यावरून काढला आणि दोन हातांनी तिला दिला. सगळं कसं नियमाला धरून झालं.

फक्त, पट्टा काढताना त्यांच्या खांद्यावर दोन पट्टे होते. दोन्ही कुरिनोसेच्या महिला मंडळाने एकाच पिंपात निळीत बुडवून काढलेले. स्थानिक उद्योगाला उत्तेजन म्हणून नगर कार्यालयाने प्रचाराचा पट्टा मुद्दाम त्यांच्याकडूनच करून घेतला होता. आणि हातांत मोजे असल्यामुळे वरचा कुठला आणि खालचा कुठला, हे बोटांना कळायला मार्ग नव्हता.

हारुनाने पट्टा घातला आणि ती सुटली. मागोमाग पिस्तूल वाजलं. बाकीच्या दोघांना पांढरे पट्टे मिळाले. इसागोंच्या डोळ्यांत पाणी आलं. पांढरा नाही! ह्या वर्षी पांढरा नाही!

“केंद्रप्रमुख,” मिझुसावा जवळ येऊन म्हणाली, “तुमचं मीठ कुठंय?”

इसागोंनी छातीकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं: ‘कुरिनोसे’.

*

“सेन्सेई,” इसागो म्हणाले, “आता काय?”

कात्सुमाता सेन्सेईंनी पुस्तक उघडलं. “कलम आठ. पट्टा बारा चाळीसच्या आत शेवटच्या रेषेपलीकडे गेला पाहिजे.”

“पण तो माझ्याकडे आहे.”

“हो, दिसतंय.”

“मग मी काय करू?”

सेन्सेईंनी तीन पानं उलटली. पुन्हा मागे आले. “तुमच्याबद्दल इथे काही लिहिलेलं नाही,” ते म्हणाले.

हे उत्तर हो आहे की नाही, ते इसागोंना कळलं नाही. शेवटची रेषा साडेचार किलोमीटरवर होती. ते निघाले.

“हारुनासान! थांब! पट्टा!”

हारुना अजून शंभर पावलांवर होती. तिने मागे वळून पाहिलं, सूट घातलेले वाडीप्रमुख हातवारे करत मागे लागलेले बघितले आणि वेग वाढवला. सरावाच्या वेळी इसागोंनीच तिला बजावलं होतं: मी मागून काहीही ओरडलो तरी थांबायचं नाही. ते जितके ओरडत होते तितकी ती जोरात पळत होती. शेवटी ओरडण्यामुळे निदान वाडीची गती वाढते आहे, एवढं समाधान मानून ती वळणाआड गेल्यावरही ते थोडा वेळ ओरडत राहिले.

मग त्यांच्या बाजूला प्रचाराची गाडी आली. टपावरच्या कर्ण्यातून एक गोड आवाज सांगत होता, “नूडल्स खा, सूप वाटीतच ठेवा.” खिडकीतून मिझुसावाने डोकं बाहेर काढलं.

“केंद्रप्रमुख, सकाळी तुमचं प्रेशर एकशे बासष्ट होतं. तुम्ही धावायचं नाही.”

“मग?”

“भरभर चाला.”

“त्यात आणि ह्यात फरक काय?”

“दोन्ही पाय एकदम जमिनीवरून उचलले गेले नाहीत की ते चालणं. मी लक्ष ठेवते.”

तिने लक्ष ठेवलं. गडबडीत कर्ण्याचं बटण तिच्या कोपराने दाबलं गेलं होतं, त्यामुळे पुढचा अर्धा तास साऱ्या खोऱ्याला ऐकू येत होतं: “डावा… उजवा… डावा… केंद्रप्रमुख, आत्ता दोन्ही! दोन्ही उचलले! हां, आता ठीक. डावा…”

रस्त्याच्या कडेला म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. हारुनाला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एका आजींनी तिच्या छातीवरचं वाचून हातातली लोणच्याची बशी लगबगीने पाठीमागे लपवली होती. आता इसागो आले तशी मंडळी चक्रावली.

“मघाशी मीठ गेलं ना?” एक आजोबा म्हणाले.

“गेलं. सहा ग्रॅम.”

“मग हे कोण?”

“कुरिनोसे लिहिलंय. पण आवाज नगर कार्यालयाचा आहे.”

“वाजवा टाळ्या. कुणाचं का असेना.”

सव्वाबाराला इसागोंच्या डाव्या पायाच्या पोटरीत गोळा आला. मिझुसावाने गाडी थांबवून त्यांना खुणेच्या दगडावर बसवलं आणि दंडाला प्रेशरची पट्टी बांधली.

“एकशे एकाहत्तर. आरोग्यसेविका म्हणून मला तुम्हाला इथेच थांबवायला हवं.”

“थांबव ना मग,” इसागो म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “मी तरी दुसरं काय म्हणतोय? थांबव.”

मिझुसावाने रस्त्याकडे पाहिलं. “पण वार्तापत्राचा फोटोवाला पुलावर उभा आहे,” ती हळूच म्हणाली. “व्यायामाच्या दिवशी केंद्रप्रमुख गाडीत बसून गेले, असा फोटो आला तर वर्षभराचं काम पाण्यात.” तिने पट्टी सोडली. “दोन मिनिटं बसा. पाणी प्या. मग अगदी हळू निघायचं, आणि छातीत जरा जरी दुखलं तरी मला सांगायचं. खरं सांगायचं, वाडीप्रमुखासारखं नाही.”

“आज मी केंद्रप्रमुख आहे,” इसागो म्हणाले आणि उठले.

साडेबाराला रस्ता वाहनांना मोकळा झाला आणि सिग्नल चालू झाले. नगर कार्यालयाच्या अलीकडच्या चौकात इसागो पोचले, तेव्हा माणसांसाठीचा दिवा लाल होता. बारा छत्तीस. डावीकडे गाडी नाही, उजवीकडे गाडी नाही, दूरवर एक कुत्रा होता आणि तोही थांबला होता. इसागो थांबले. मागे प्रचाराची गाडीही थांबली.

पलीकडच्या कोपऱ्यावर ओदागिरी सायकल धरून उभे होते. त्यांच्या टोपलीत रेशमी दोरीचं खोकं होतं. इसागोंना बघताच ते वाकले. इसागोही वाकले.

“इसागोसान! लाल आहे!”

“दिसतंय!”

“पण गाड्या नाहीयेत हो! या तुम्ही! मी कुणाला सांगणार नाही!”

“मग तुम्हीच या इकडे!”

ओदागिरींनी दिव्याकडे पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, आणि जागचे हलले नाहीत. मग दोघंही दिवा हिरवा होईपर्यंत उभे राहिले. एक मिनिट आणि दहा सेकंद.

इसागो मैदानात शिरले, तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या हवा भरलेल्या कमानीतली हवा सोडायला सुरुवात झाली होती. कमान हळूहळू खाली येत होती. इसागो वाकले. ती अजून खाली आली, ते अजून वाकले. शेवटी हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत, पाठीवर थंड रबर घेऊन ते पलीकडे निघाले. बारा एकोणचाळीस.

बघणाऱ्यांना वाटलं, केंद्रप्रमुख फारच नम्र आहेत.

*

तंबूत हारुना हातात एक प्रमाणपत्र घेऊन बसली होती.

“वाडीप्रमुख, तुम्ही इतकं ओरडत होतात, मला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. म्हणून जीव तोडून पळाले. सहाजणांना मागे टाकलं!”

“शाब्बास.”

“पण मी कोण होते?”

इसागोंनी प्रमाणपत्र वाचलं. ती आली, तेव्हा ध्वनिक्षेपकवाल्याने छातीवरचं वाचून ‘मीठ दिवसाला सहा ग्रॅम, अभिनंदन!’ असं जाहीर केलं होतं. नोंदी घेणाऱ्या लेखनिकाच्या यादीत असा संघ नव्हता. पण आरोग्य विभागाला दुखवायला नको म्हणून त्याने खाली हाताने एक ओळ आखली आणि ‘खुला गट’ असं लिहिलं. खुल्या गटात एकच संघ होता. पहिला नंबर.

“तू मीठ होतीस,” इसागो म्हणाले.

हारुनाने मान डोलावली. तिला ते पटलं असावं, किंवा ती दमली असावी.

कात्सुमाता सेन्सेई पुस्तक घेऊन आले. त्यांच्या मागे ओदागिरी, हातात खोकं. सेन्सेईंनी चष्मा पुसला.

“कुरिनोसेचा पट्टा वेळेत पोचला, पण तो आणणारा नोंदलेला धावपटू नव्हता. कुरिनोसेची नोंदलेली धावपटू पोचली, पण तिच्याकडे कुरिनोसेचा पट्टा नव्हता. सबब कुरिनोसेच्या पट्ट्याची शर्यत पूर्ण झाली आणि कुरिनोसेची झाली नाही. साखळी तुटली. सलग दुसऱ्यांदा. विलीनीकरणाची नोंद महिनाअखेरीस होईल.”

ओदागिरींनी खोकं पुढे केलं. “मी कंस जरा मोठे करून घेतो, इसागोसान,” ते म्हणाले आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

इसागोंनी दोन हातांनी खोकं घेतलं, कारण ते दोन हातांनी दिलं होतं. मग ते खोकं मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या डोक्यात काहीतरी फिरत होतं, पण ते काय आहे ते त्यांना नीट दिसत नव्हतं.

“सेन्सेई,” शेवटी ते म्हणाले, “मिठाची साखळी तुटली का?”

“मिठाची?” सेन्सेईंनी पुस्तक उघडलं. “मिठाची सुरुवातच पाचव्या टप्प्यात झाली. जिथे सुरू झाली तिथून शेवटपर्यंत ती अखंड आहे.”

“मग पुढच्या वर्षी मीठ धावू शकतं?”

“गटात पहिला आलेला संघ पुढच्या वर्षी आपल्या वाडीच्या नावाने धावतो, वाडीची साखळी आधी तुटलेली असली तरीही. कलम एकोणीस.” ते थबकले. “पण मिठाला वाडी नाही. मीठ कुठेच राहत नाही.”

“राहायला लागलं तर?”

सेन्सेईंनी पुस्तक मिटलं. चौतीस वर्षांत त्यांना कुणी इतकं सरळ गणित घातलं नव्हतं. “तर रहिवासाची नोंद लागेल,” ते हळूच म्हणाले. “नगर कार्यालय, खिडकी क्रमांक दोन. सोमवारी साडेआठला उघडते.”

“इसागोसान,” ओदागिरी गोंधळून म्हणाले, “तुमची तब्येत बरी आहे ना?”

“एकशे एकाहत्तर आहे,” मिझुसावा म्हणाली.

सोमवारी साडेआठ वाजता खिडकी क्रमांक दोनवर खालील अर्ज दोन प्रतींत दाखल झाला.

प्रति,
मा. विभागप्रमुख,
रहिवासी नोंदणी विभाग, हिराने नगर कार्यालय

विषय: मीठ (सहा ग्रॅम) यांची कुरिनोसे वाडीचे कायम रहिवासी म्हणून नोंद करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त मीठ हे वाडीवार रिले शर्यतीच्या खुल्या गटात प्रथम आले असून त्यांना राहण्यास जागा नाही. निम्नस्वाक्षरीकर्ता आपल्या राहत्या घरी, स्वयंपाकघरात, खिडकीपासून दुसऱ्या फळीवर त्यांची सोय करण्यास तयार आहे. कुटुंबप्रमुखाशी नाते: जुना स्नेह. जन्मतारीख: ज्ञात नाही. पूर्वीचा पत्ता: समुद्र. वाडीतील सर्व एकेचाळीस रहिवाशांची संमती सोबत जोडली आहे.

एखाद्या दिवशी सदर रहिवाशाचे वजन सहा ग्रॅमहून जास्त आढळल्यास वरचा भाग पाहुणा समजण्यात यावा व त्याची वेगळी नोंद करू नये.

तरी वाडीची लोकसंख्या बेचाळीस अशी दुरुस्त करून मिळावी आणि तसा दाखला महिनाअखेरीपूर्वी द्यावा. रहिवाशास खिडकीवर समक्ष हजर करणे आवश्यक असल्यास कृपया कोरड्या हवेचा दिवस नेमून देण्यात यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
इसागो यासुहेई
प्रमुख, कुरिनोसे वाडी